काडीवरची गुठळी

"हिच्या हातून नको," रौहिया म्हणाली. "दुसरं कुणी असेल तर बोलवा. हिनं माझ्या नवऱ्याच्या अंगाला हात लावलेला मला चालायचा नाही."

रक्त काढायच्या खोलीतली सगळी तोंडं एकदम इकडे वळली. सकाळपासून उपाशीपोटी ताटकळलेल्या माणसांना फुकटातलं भांडण मिळालं की तेवढाच विरंगुळा. एका म्हाताऱ्यानं तर नीट ऐकू यावं म्हणून कानावरची शाल मागे सारली.

इन्शिराह हातमोजे चढवत होती. तिनं मान वर केली नाही. "दुसरी आहे की. ती बघ, खिडकीपाशी. परवाच कामाला लागलीय. चार ठिकाणी भोसकेल तेव्हा कुठं एक शीर सापडेल तिला. पाठवू?"

"भोसकू दे. पोटात पाप ठेवून तर नाही ना भोसकणार."

"रौहिया," खुर्चीत बसलेला खैरी हळूच म्हणाला, "लोक बघतायत."

"बघू देत! कळू दे सगळ्यांना. सख्खी आत्या आपल्या भाच्याला चिरायला निघालीय."

बायको आणि बहीण एका खोलीत आल्या की गप्प बसायचं, हे खैरी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच शिकला होता. या दोघींचं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं. रौहिया लग्न होऊन आली तेव्हा इन्शिराह म्हणाली होती की पोरगी दिसायला बरी आहे पण तोंडाला कुलूप नाही. ते कुणीतरी रौहियाच्या कानावर घातलं, आणि त्या दिवसापासून रौहियानं ते वाक्य खरं करून दाखवायचा चंगच बांधला.

खैरी गावात खजुराच्या फांद्यांचे पेटारे विणायचा. कफ्र शहावी आणि आसपासच्या चार गावांतली संत्री त्याच्याच पेटाऱ्यांतून कैरोच्या बाजारात जायची. लहानपणी गावातल्या सगळ्या पोरांसारखा तोही कालव्यात डुंबला, सगळ्यांसारखेच त्याच्याही पोटात किडे झाले, आणि मग आरोग्य केंद्राच्या दारात रांग लागली. किडे मारायच्या इंजेक्शनची एकच सुई, पाण्यात बुचकळायची की पुढच्या दंडात. त्या रांगेत इन्शिराह खैरीच्या पुढे उभी होती. तिला काही झालं नाही. खैरीच्या रक्तात काविळीचं जे विष शिरलं ते पुढं चाळीस वर्षं मुकाट्यानं यकृत कुरतडत बसलं. तीन वर्षांपूर्वी सरकारनं नव्या गोळ्या फुकट वाटल्या, रक्त स्वच्छ झालं, रौहियानं गल्लीत सरबत वाटलं. पण तोवर यकृताचं चामडं झालं होतं, आणि गेल्या उन्हाळ्यात त्या चामड्यात एक गाठ दिसली.

घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं. खैरीला सगळे 'सूज आहे' एवढंच सांगायचे. आमच्याकडची रीतच ती. अख्ख्या गावाला ठाऊक असतं, फक्त ज्याचं आहे त्याला कळू द्यायचं नाही.

वाचायचा मार्ग एकच होता. जुनं यकृत काढून टाकायचं आणि रक्ताच्या नात्यातल्या कुणाच्या तरी यकृताचा तुकडा तिथं बसवायचा. इन्शिराह पहिल्या दिवशीच पुढं झाली होती. डॉक्टर म्हणाले, तुमचं वय उलटून गेलं. मग खैरीचा मुलगा मोअतज उभा राहिला. तेवीस वर्षांचा, संत्र्यांच्या गोदामात पेट्या उचलणारा, रक्त जुळणारा. "घ्या माझं," म्हणाला. जणू बाप त्याच्याकडे सायकलच मागत होता. त्या दिवसापासून रौहियाला झोप नव्हती. शेजारच्या गावात एका भाच्यानं मामाला असंच यकृत दिलं होतं, आणि एकाच घरातून पंधरवड्यात दोन जनाजे निघाले होते. रौहिया स्वतः त्या घरी शोकाला जाऊन आली होती. त्या पोराची आई नुसती भिंतीकडे बघत बसली होती. रौहियाला ती भिंत डोळ्यांपुढून हलवता येत नव्हती.

आता सगळं एका तपासणीवर येऊन थांबलं होतं. गाठ लहान होती, पण यकृताच्या मोठ्या शिरेपाशी फोटोत एक सावली दिसत होती. गाठ शिरेला नुसती टेकली आहे की आत घुसली आहे, यावर डॉक्टरांत दोन तट पडले. घुसली असेल तर नवं यकृत बसवूनही ती तिथं पुन्हा उगवणार, आणि पोराचा बळी फुकट जाणार. गाठीला वाढायला रक्त लागतं. ते मिळवायला ती एक द्रव्य सोडते, आणि त्याच्या हाकेला ओ देऊन नव्या रक्तवाहिन्या तिच्याकडे धाव घेतात. ते द्रव्य रक्तात किती आहे हे मोजलं की गाठ किती हावरी झाली आहे त्याचा अंदाज येतो. आकडा कमी आला तर शस्त्रक्रिया. जास्त आला तर गोळ्या, आणि अल्लाहची मर्जी.

म्हणजे रौहियाला आकडा मोठा हवा होता आणि इन्शिराहला छोटा. दोघींनी हे एकमेकींना कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि दोघींना ते पक्कं ठाऊक होतं.

"बाही वर कर," इन्शिराह भावाला म्हणाली.

खैरीच्या शिरा कधीच वर दिसत नसत. इन्शिराहनं पट्टा आवळला, कोपराच्या आत बोट फिरवलं आणि सुई घातली. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त चढू लागलं.

"बघा, बघा कशी घाई," रौहिया बाकांकडे वळून म्हणाली. "हिचं काय जाणार आहे? जिच्या कुशीत कधी पोर निजलं नाही, तिला पोर चिरायला कसलं दुःख?"

खोलीत कुणीतरी 'च्च' केलं. म्हाताऱ्यानं शाल पुन्हा कानावर ओढली. इतकं ऐकायची त्याचीही तयारी नसावी.

इन्शिराहनं सुई काढली, भावाच्या कोपरावर कापूस दाबला आणि नळी मुठीत धरून सरळ उभी राहिली. तिचा नवरा मूल होत नाही म्हणून तिला सोडून अलेक्झांड्रियाला गेला, त्याला वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत हे तिला तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं.

"तुला नवरा नकोय, असं सरळ सांग ना," ती म्हणाली. "विधवेचा काळा झगा शिवून ठेवलायस का? की शिंप्याकडून आणायचा राहिलाय?"

"माझा नवरा माझ्यापेक्षा तुम्हाला प्यारा का?"

"तुझ्या आधी सहा वर्षं कडेवर घेऊन फिरलेय मी त्याला. तू आलीस आयत्या ताटावर!"

"मग लग्न कशाला करून दिलंत? ठेवायचा होता कडेवरच!"

बाकांवर कुणीतरी फस्सकन हसलं. ते हसू इन्शिराहला सुईपेक्षा खोल गेलं. मग ती जे बोलली त्यात रौहियाच्या आईचा उद्धार होता, आणि रौहियानं जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. शेवटी खैरीच उठला, कोपरावरचा कापूस दुसऱ्या हातानं दाबत दोघींच्या मधून दाराबाहेर गेला, आणि रौहियाला त्याच्यामागे जावं लागलं.

इन्शिराह आतल्या खोलीत आली तेव्हा नळी तिच्या मुठीतच होती. रक्त काढल्याबरोबर ती नळी हलकेच उलटी-सुलटी करून आतलं औषध मिसळायचं असतं, आणि लगेच बर्फात रोवायची असते. तिनं यातलं काहीच केलं नव्हतं. उजेडात धरून पाहिलं तर तळाशी मसुराच्या दाण्याएवढी गुठळी झाली होती.

अशी नळी फेकून द्यायची आणि नव्यानं रक्त काढायचं, असा नियम होता. त्यासाठी बाहेर जायचं, त्या बाकांवरल्या लोकांसमोर रौहियाला हाक मारायची, आणि 'माझ्याकडून चूक झाली, त्याला परत बसव' म्हणायचं. इन्शिराहनं टेबलावरची लाकडी काडी घेतली, नळीत घातली, गुठळी काडीवर उचलून घेतली, कागदाला पुसली आणि नळी रक्त घुसळायच्या यंत्रात ठेवून दिली. गर्दीच्या दिवशी सगळेच असं करायचे. रक्तातल्या पेशी मोजायच्या असल्या की कुणी एवढं बघत नसे.

पण या तपासणीचं तसं नव्हतं. ती सुरू झाली तेव्हा यकृत विभागाच्या डॉक्टर लमया यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की रक्त गोठवणारे जे कण असतात, त्यांच्याही खिशात हेच द्रव्य भरलेलं असतं. गुठळी झाली की ते खिसे फाटतात आणि द्रव्य रक्तात सांडतं. मग आकडा फुगतो, आणि तो गाठीचा नसतो. हे इन्शिराहला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. रागाच्या भरात विसरली म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. तिला भावजयीपुढं मान खाली घालायची नव्हती, एवढंच खरं आहे.

आठवड्यानं आकडा आला. मर्यादेच्या कितीतरी वर.

डॉक्टर लमया यांनी खैरीला आत बसवून सांगितलं की शस्त्रक्रियेची गरज उरली नाही, सूज गोळ्यांनी उतरेल. मग त्याच्या बायकोला आणि मुलाला ओसरीत नेऊन खरं सांगितलं. मोअतज भिंतीवर मूठ आपटत राहिला. रौहिया तिथंच फरशीवर बसली. आधी रडली. मग तिनं आपल्या हाताचा तळवा ओठांना लावला, हात उलटा करून पाठ ओठांना लावली, आणि वर बघून अल्लाहचे आभार मानले. डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं आणि आभारही थांबत नव्हते. हे सगळं इन्शिराहनं दाराआडून पाहिलं. तिला भावजयीचा इतका संताप आला की त्या भरात आपण काय करून बसलोय हे तिला संध्याकाळपर्यंत जाणवलंच नाही.

जाणवलं तेव्हा मात्र ती पुढ्यातलं ताट सारून उठली.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर लमया यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. लमया वयानं तिच्या निम्म्या असतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"गुठळी होती."

"होती."

"आणि तू ती काढून नळी पुढं पाठवलीस. काडीनं."

"हो."

"आकडा कमी आला असता, तर आली असतीस मला सांगायला?"

"नसते आले," ती म्हणाली.

"म्हणजे मनासारखं आलं की नळी चांगली, आणि उलटं आलं की गुठळी! इन्शिराह, तू पेशंटची सख्खी बहीण आहेस. बाहेरचं कुणीही म्हणेल की तू भावासाठी गोष्ट रचतेयस. शस्त्रक्रिया ठरवणाऱ्या कमिटीपुढं मी हे कुठल्या तोंडानं मांडू?"

"माझ्या तोंडानं मांडा. मला उभं करा तिथं."

तिला उभं केलं. लांब टेबलाभोवतीच्या डॉक्टरांनी तिला चोरासारखं विचारलं, तिनं चोरासारखंच सांगितलं. एका वयस्क सर्जननं सगळ्यांसमोर विचारलं की या बाईनं आजवर अशा किती नळ्या काडीनं साफ केल्या असतील, आणि त्यातल्या किती जणांची माती झाली असेल. शेवटी निकाल असा लागला की खैरीचं रक्त शनिवारी पुन्हा काढायचं, दुसऱ्या कुणी काढायचं, आणि लमया यांनी जातीनं उभं राहायचं. इन्शिराहनं यापुढं सुईला हात लावायचा नाही. तिला खालच्या मजल्यावर, सामानाच्या खोलीत हातमोज्यांचे डबे रचायला पाठवलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. उभ्या आयुष्यात तिला जी एक गोष्ट चांगली जमत होती, ती गेली.

चालेल, ती मनाशी म्हणाली. खैरी वाचला की सगळं भरून पावलं.

शुक्रवारी दुपारी ती कफ्र शहावीला गेली. नमाज आटोपून लोक परतत होते. खैरी अंगणात तुतीखाली खुर्चीवर बसला होता. पोटात पाणी साचल्यापासून त्याला उकिडवं बसता येत नव्हतं, त्यामुळे पेटारे विणणं बंद पडलं होतं. ऊन होतं तरी डोक्यावर लोकरीची टोपी होती. आतून मुलुखियाच्या पालेभाजीची पानं चिरल्याचा टकटक आवाज येत होता, म्हणजे रौहिया स्वयंपाकघरात होती. मोअतज भाकऱ्या आणायला भट्टीवर गेला होता.

इन्शिराहनं बूड टेकायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. नळी, गुठळी, काडी, कमिटी, सगळं एका दमात सांगितलं. "आकडा खोटा असणार, खैरी. निदान असू शकतो. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. दुसरीच मुलगी रक्त काढेल. तुझ्या बायकोची भीती नको, मी बघते तिच्याकडं."

खैरीनं स्वयंपाकघराकडं एकदा बघितलं. "हळू बोल."

"हळू कशाला? काय चोरी केलीय का आपण?"

"मी येत नाही, शूशू."

लहानपणीचं हे नाव आता तोच तेवढा घ्यायचा. इन्शिराहला वाटलं, त्याला बिचाऱ्याला कळलंच नाही. "अरे, सूज म्हणतात ती सूज नाहीये..."

"माहितीय मला ती काय आहे. मला सूज म्हणून सांगणारे लोक जाताना बायकोला 'अल्लाह धीर देवो' म्हणून जातात. पोटात पाणी झालंय माझ्या, कान नाही गेले." त्यानं दम घेतला. "मोअतज 'घ्या माझं' म्हणाला तेव्हा मी काय बोललो आठवतंय तुला?"

"काही नाही बोललास."

"काही नाही बोललो. बापानं काय म्हणायला हवं होतं? 'गप बस गाढवा' म्हणायला हवं होतं. मी मान खाली घालून बसलो, कारण मला जगायचं होतं. त्या दिवसापासून तो जेवायला बसला की मी बघायचो. नीट खातोय ना, अंगानं भरतोय ना. बकरी ईदच्या आधी दारातल्या बोकडाकडं बघतो ना आपण, तसा मी माझ्या पोराकडं बघत होतो, शूशू. मला माझी शिसारी आली. तरी तोंड उघडेना. मग तुझा तो आकडा आला आणि मी सुटलो."

"तो आकडा माझ्या माजाचा आहे! गाठीचा नाहीये!"

"असू दे. अल्लाहनं तुझा माज पण कामाला लावला म्हणायचं."

इन्शिराहचा तोल गेला. ती उठली आणि दातओठ खात, आवाज दाबून त्याच्यावर तुटून पडली. "भेकड आहेस तू. लहानपणापासून भेकड. मी त्या साऱ्या टोळभैरवांसमोर नाक घासून आलेय, माझा हात तोडून दिलाय तिथं, आणि तू मला पुण्य शिकवतोस? तुला मरायचं असेल तर मर, पण माझ्या चुकीनं मरू नकोस! त्या सुईच्या रांगेत पण मीच पुढं होते. मागं असते तर..."

"तर तू गेली असतीस. मग माझ्या बायकोशी भांडलं कोण असतं?" खैरी हसला. मग हसू आवरून म्हणाला, "खरा आकडा लहान आला तर मी नाही म्हणू शकणार नाही. मला ओळखतो मी. परत मान खाली घालून बसेन. म्हणून मला तो बघायचाच नाहीये."

इन्शिराह काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात अंगणाचं दार धाडकन उघडलं आणि मोअतज आत आला. हातातल्या भाकऱ्या त्यानं ओट्यावर टाकल्या.

"आत्या, भट्टीवर दवाखान्यातला वॉर्डबॉय भेटला. तो म्हणतो बाबांचा आकडा चुकलाय, तू कमिटीपुढं जाऊन सांगितलंस, उद्या परत रक्त काढणार आहेत. खरं का?"

आतला टकटक आवाज थांबला. रौहिया दारात आली. हातात दोन मुठींची वाकडी सुरी होती, बोटं पानांच्या रसानं हिरवी झाली होती. ती नुसती इन्शिराहकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर नेहमीचा द्वेष नव्हता. आता ही बाई जे बोलेल त्यावर आपलं पोर राहणार की जाणार, एवढीच भीती तिथं होती. इन्शिराहला तो द्वेष परवडला असता.

"सांग ना!" मोअतज ओरडला. "खोटा आकडा असेल तर मी उद्या जातो बाबांना घेऊन. उचलून नेतो. काय खरं आहे?"

इन्शिराहनं भावाकडं पाहिलं. खैरीचे डोळे तिच्यावर खिळले होते. आयुष्यात त्यानं तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. जे मिळायचं ते तीच आपण होऊन द्यायची, बहुतेक वेळा दटावून.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "नळी चुकली ती दुसऱ्याच एका पेशंटची. त्या वॉर्डबॉयला काय अक्कल? तुझ्या बापाचा आकडा बरोबर आहे."

"मग कमिटीपुढं गेलीस कशाला?"

"त्या दुसऱ्या नळीपायी. मीच काढली होती ती. सुईवरून काढलंय मला, हातमोजे मोजायला बसवलंय. हे पण सांगितलं का त्यानं तुला?"

मोअतजचा विश्वास बसत होता आणि बसत नव्हता. आत्या खोटं बोलत नाही, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. घरातली निम्मी भांडणं तिच्या खरं बोलण्यानंच तर पेटली होती. तो पुढं आला. "बाबांच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग."

"मोअतज!" खैरी म्हणाला.

"नाही. हात ठेवू दे तिला. मग मी परत कधी विचारणार नाही."

डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं की ज्याचं डोकं त्याचं आयुष्य तुटतं, असं आमच्या भागात शेंबडं पोरही मानतं. इन्शिराहनं तर उभ्या जन्मात खरी शपथसुद्धा घेतली नव्हती. ज्याला माझा शब्द पुरत नाही त्यानं माझ्याशी बोलू नये, असं ती म्हणायची. तिचा हात उठेना.

तेव्हा खैरीनं आपली लोकरीची टोपी स्वतःच काढली. गुडघ्यावर ठेवली. आणि तिच्यापुढं मान वाकवली. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, टाळूवर लहानपणी कालव्याच्या दगडावर पडल्याची खोक दिसत होती.

इन्शिराहनं हात ठेवला. "याच्या आयुष्याची शपथ," ती म्हणाली, आणि सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, "माझ्या भावाच्या आयुष्याची शपथ. आकडा खरा आहे."

मोअतज ओट्यावर भाकऱ्यांशेजारी बसला आणि तोंड झाकून लहान मुलासारखा रडू लागला. रौहियाच्या हातातली सुरी खाली आली. तिनं खोल श्वास घेतला, आणि पहिल्या श्वासाबरोबर तिची जीभही परत आली.

"लग्न होऊन आल्यापासून आज पहिल्यांदा तुमच्या तोंडून खरं ऐकलं, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. मग जड जिभेनं पुढं म्हणाली, "आता उभ्या काय राहिलात? बसा. जेवूनच जा."

इन्शिराहनं मान हलवली. पण हात काढला नाही. तिच्या तळव्याखाली भावाचं डोकं तापलेलं होतं आणि किंचित थरथरत होतं. तो रडतोय की हसतोय, हे तिला वरून कळेना. रौहिया भाकऱ्या उचलून आत गेली, मोअतज तोंड धुवायला हौदाकडं गेला, तरी ती तशीच उभी होती.

मग खैरीनंच तिचा हात धरून खाली घेतला, आणि टोपी घातली.